बिनतारी लहरींवर सत्ता कोणाची? धार-देवासच्या निमित्ताने

माळव्यातील देवास हे गाव मराठी वाचकाला दोन कारणांनी ठाऊक असते. पंडित कुमार गंधर्व १९४८ पासून तेथे राहिले, हे एक कारण. आणि त्या एका गावात दोन राज्ये नांदत होती, हे दुसरे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांच्या फौजांबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी येथे आपले बस्तान बसवले. त्यांच्या वंशजांच्या राज्यांना थोरली पाती आणि धाकटी पाती अशी नावे पडली. १८४१ नंतर दोन्ही पात्या आपापला मुलूख स्वतंत्रपणे पाहू लागल्या, पण राजधानीचे गाव मात्र एकच राहिले. मुख्य रस्त्याची एक बाजू एका राजाची, दुसरी बाजू दुसऱ्याची. पाणीपुरवठा वेगळा, दिवाबत्तीची व्यवस्था वेगळी.

पाण्याच्या नळाला आणि रस्त्यावरच्या दिव्याला अशी सीमा सोसते. बिनतारी लहरीला सोसत नाही. रस्त्याच्या अलीकडे उभे राहून उच्चारलेला शब्द पलीकडच्या राज्यात, आणि ताकद असल्यास पवारांच्याच दुसऱ्या शाखेच्या धार संस्थानापर्यंत, कोणाचीही परवानगी न घेता पोहोचला असता. बिनतारी यंत्रांचे नियमन नगरपालिकेने, जिल्हाधिकाऱ्याने किंवा राज्य सरकारने का करू नये, या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग देवासच्या त्या रस्त्यातच सापडतो. उरलेला अर्धा भाग राज्यघटनेत आहे. त्याची माहिती नसल्यामुळे वॉकी-टॉकी विकत घेणारा साधा नागरिक, मंगल कार्यालयाचा चालक किंवा एखाद्या उत्सवाचा स्वयंसेवक नकळत कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

नागरिकांचा पट्टा

सर्वसामान्य माणसाला परीक्षा न देता, आपापसांत थोड्या अंतरावर बोलता यावे म्हणून राखून ठेवलेल्या लहरींच्या पट्ट्याला सिटिझन्स बँड म्हणतात. ही कल्पना अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुढे आली. १९५८ मध्ये तेथे २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग या कामासाठी खुला झाला आणि २३ वाहिन्या मिळाल्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. तेव्हा पुढे पोलीस कोठे उभे आहेत आणि डिझेल कोणत्या पंपावर मिळते, हे एकमेकांना सांगण्यासाठी ट्रकचालकांनी या यंत्राचा सपाटून वापर केला. १९७७ मध्ये वाहिन्या ४० झाल्या. परवान्याचे अर्ज इतके साचले की १९८३ मध्ये अमेरिकेने वैयक्तिक परवान्याची अटच काढून टाकली. ब्रिटनने हा पट्टा २ नोव्हेंबर १९८१ रोजी कायदेशीर केला, तोही चोरून वापरणाऱ्यांची संख्या आवरेनाशी झाल्यावर.

भारतात हे स्वातंत्र्य २००५ मध्ये आले. त्या वर्षीच्या केंद्रीय नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मुक्त केला. अटी तीन होत्या. प्रक्षेपणाची परिणामी शक्ती ५ वॅटपेक्षा अधिक नको. अँटेना यंत्राच्या अंगचाच हवा. आणि वापर सामायिक राहील: दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, दुसऱ्याचा अडथळा झाला तर तक्रारही करायची नाही.

दुसरी अट वरकरणी किरकोळ वाटते, पण खरी मेख तीच आहे. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. तिला साजेसा पाव लांबीचा अँटेना पावणेतीन मीटरचा होतो. अमेरिकन ट्रकच्या आरशाशेजारी डोलणारी लांब काठी ती हीच. हातातल्या यंत्राला अंगचा अँटेना लावायचा तर तो आखूडच असणार, आणि आखूड अँटेनातून बाहेर पडणारी ताकद लहरीच्या लांबीच्या मानाने तोकडीच राहणार. म्हणजे पट्टा मोकळा झाला, पण ज्या साधनाने त्याचा पल्ला वाढतो ते साधन सवलतीच्या बाहेर राहिले. ही सवलत अर्धीच होती असे म्हणावे लागते.

तिसऱ्या अटीचेही कारण आहे. हा पट्टा आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी आधीपासून राखलेला आहे. भौतिकोपचार केंद्रातले शेक देणारे शॉर्टवेव्ह यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते. प्लास्टिकच्या चादरी जोडणारी कित्येक यंत्रे त्याच लहरीवर तापतात, आणि जुन्या दूरनियंत्रित खेळण्यातल्या मोटारीही तिच्यावरच धावतात. धार जिल्ह्यातील पीथमपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत अशा यंत्राशेजारी कोणी या पट्ट्यावर बोलू लागला आणि कानात केवळ घरघर आली, तर दाद मागायला जागा नाही.

आग्रा-मुंबई रस्त्यावर हे यंत्र का दिसत नाही

इंदूर मध्ये धरले तर देवास ईशान्येला सुमारे ३५ किलोमीटर आणि धार पश्चिमेला सुमारे ६० किलोमीटर पडते. जुना आग्रा-मुंबई रस्ता देवासमधून इंदूरकडे येतो, महू आणि मानपूर मागे टाकून धार जिल्ह्यातील गुजरी, धामनोद करीत खलघाटला नर्मदा ओलांडतो. माळव्याचे पठार सोडून निमाडात उतरणारा हा घाट मालमोटारींच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. उतारावर पुढे गाडी बंद पडली आहे, वळणावर कंटेनर आडवा झाला आहे, ही वार्ता मागच्या चालकाला दोन मिनिटे आधी मिळाली तर जीव वाचू शकतो. सिटिझन्स बँडला अमेरिकेत जनमानसात स्थान मिळाले ते याच उपयोगामुळे. तेथील नववी वाहिनी आणीबाणीसाठी राखलेली आहे.

आपल्याकडे तसे झाले नाही. एक कारण अँटेनाच्या अटीचे. दुसरे कारण काळाचे: २००५ पर्यंत चालकांच्या खिशात मोबाइल येऊ लागला होता. मोबाइलने एका ओळखीच्या माणसाशी बोलता येते. घाटातल्या सगळ्या अनोळखी चालकांना एकाच वेळी हाक मारता येत नाही. हा फरक फारसा कोणाच्या लक्षात आला नाही, आणि यंत्रांची बाजारपेठ उभीच राहिली नाही.

बाजारपेठ उभी राहिली ती वेगळ्याच यंत्रांची. वॉकी-टॉकी या नावाने दुकानांत आणि ऑनलाइन मिळणारे बहुतेक संच २७ मेगाहर्ट्झचे नसतात. ते त्याहून कितीतरी वरच्या पट्ट्यांवर चालतात, कारण तेथे लहर आखूड असल्याने अँटेनाही आखूड पुरतो. ४४६ मेगाहर्ट्झला पाव लांबी वीतभराहूनही कमी भरते. २०१८ च्या केंद्रीय नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा अल्प शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त केला. त्या पट्ट्याच्या बाहेर चालणाऱ्या, किंवा बटणे दाबून हव्या त्या लहरीवर नेता येणाऱ्या संचांना ही सवलत लागू होत नाही. दोन्ही प्रकारचे संच दिसायला सारखेच असतात.

नगरपालिका, जिल्हाधिकारी आणि दिल्ली

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत ३१ व्या क्रमांकाला डाक, तार, दूरध्वनी, बिनतारी, प्रक्षेपण आणि तत्सम साधने हा विषय आहे. म्हणून त्यावर कायदा करण्याचा अधिकार फक्त संसदेचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवण्याजोगे १८ विषय दिले आहेत. नगररचना, पाणी, रस्ते, स्मशानभूमी, दिवाबत्ती हे सारे त्यात आहे, बिनतारी नाही. तेव्हा देवासची महानगरपालिका असो की धारची वा पीथमपूरची नगरपालिका, वॉकी-टॉकी वापरण्याचा परवाना देणे वा नाकारणे हे काम त्यांचे नाही. ग्रामपंचायतीचेही नाही. छतावर मनोरा उभारायचा झाला तर बांधकामाच्या नियमांपुरता पालिकेचा संबंध येतो. त्या मनोऱ्यावरून कोणत्या लहरीवर बोलायचे, हे दिल्ली ठरवते.

दिल्लीतले ते कार्यालय म्हणजे १९५२ मध्ये स्थापन झालेला दूरसंचार विभागाचा बिनतारी नियोजन व समन्वय कक्ष. कारखान्याला, हॉटेलाला, सुरक्षा संस्थेला आपल्यापुरते वॉकी-टॉकीचे जाळे हवे असेल तर अर्ज तेथेच जातो. आता तो सरल संचार या संकेतस्थळावरून करता येतो. परवानामुक्त पट्ट्यातील संचालाही सरकारची प्रकारमान्यता लागते. ती घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची किंवा आयात करणाऱ्याची असते, पण ती घेतली आहे ना, हे पाहून घेण्यात खरेदीदाराचे हित आहे.

मग जिल्हाधिकाऱ्याच्या हाती काहीच नाही का? येथे एक जुना खटला उपयोगी पडतो. अजमेर हे तेव्हा लहानसे स्वतंत्र राज्य होते आणि तेथे १९५२ मध्ये ध्वनिवर्धकांच्या नियंत्रणाचा कायदा झाला. ध्वनिवर्धक हे प्रक्षेपणाचे साधन, प्रक्षेपण हा संघ सूचीतला विषय, म्हणून राज्याला असा कायदा करताच येत नाही, असा आक्षेप आला आणि खालच्या न्यायालयाने तो मान्यही केला. डिसेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला त्याच महिन्यात मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायाधीशपदावरून सर्वोच्च न्यायालयात आले होते. न्यायालयाने भेद केला तो असा: साधन संघाच्या विषयात मोडत असले, तरी त्याच्या वापरातून होणारा गोंगाट हा सार्वजनिक आरोग्याचा आणि शांततेचा प्रश्न आहे, आणि ते विषय राज्याचे आहेत.

हा भेद आजही तसाच लागू पडतो. ध्वनिवर्धक किती वाजेपर्यंत लावायचा, हे मध्य प्रदेशात १९८५ च्या कोलाहल नियंत्रण कायद्याने आणि केंद्राच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी स्थानिक प्रशासन ठरवते. बिनतारी संचाचा परवाना मात्र त्याच प्रशासनाला देता येत नाही, कारण लहर कानाला ऐकू येत नाही आणि तिचा उपद्रव शेजाऱ्याच्या झोपेला होत नाही. तो होतो विमानतळाला, पोलिसांच्या संदेशांना, कदाचित शेजारच्या राज्यालाही.

जिल्हादंडाधिकाऱ्याला एक तात्पुरता अधिकार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ नुसार, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी संहितेतील सुप्रसिद्ध १४४ नुसार, शांततेला तातडीचा धोका दिसल्यास तो एखाद्या कृतीस मनाई करू शकतो. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. देवासच्या चामुंडा टेकडीवर नवरात्रात लोटणारी गर्दी किंवा धारमधील एखादा तणावाचा दिवस डोळ्यांसमोर आणला, तर अशा आदेशाचे प्रयोजन कळते. मात्र हा आदेश मनाई करू शकतो, परवानगी निर्माण करू शकत नाही. यात्रेसाठी स्वयंसेवकांना वॉकी-टॉकी वापरण्याची मुभा असल्याचे पत्र एखाद्या स्थानिक कार्यालयाने दिले, तरी त्याने परवाना लागणारा संच परवानामुक्त होत नाही. तो कागद फार तर यात्रेच्या बंदोबस्तासाठी चालेल.

राज्य सरकारचा म्हणून एक अधिकार २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात आहे: सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेशवहन तात्पुरते थांबवणे. तो राज्याच्या गृहसचिवाच्या पातळीवर वापरला जातो, तहसील कचेरीत नव्हे.

जुन्या कायद्याची सावली

बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यालाच परवाना लागावा, ही कल्पना ब्रिटिश काळातली. १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा १ जानेवारी १९३४ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: परवान्याशिवाय यंत्र बाळगू नये. त्याने काही बोलले की नाही, हा प्रश्नच नाही. पुढील दुरुस्तीनंतर प्रक्षेपण करणारे यंत्र विनापरवाना बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. कैद भारी आणि दंड क्षुल्लक, हे प्रमाण दशकानुदशके तसेच राहिले. झडतीचा अधिकार केंद्राने खास नेमलेल्या अधिकाऱ्याचा होता. २०२३ चा अधिनियम हा कायदा आणि १८८५ चा तार कायदा या दोहोंची जागा घेण्यासाठी आला असून तो जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. मात्र बाळगण्यासाठी अधिकृती किंवा सूट लागते, हे मूळ तत्त्व त्यातही कायम आहे.

याचा फटका परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंना बसू शकतो. अमेरिकेत खेळण्याच्या दुकानात मिळणारे कौटुंबिक वॉकी-टॉकी ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तेथे ते निर्धास्त वापरता येतात. येथे त्या पट्ट्याला सवलत नाही. ४० वाहिन्यांचा अमेरिकन सिटिझन्स बँड संच आणला, तरी पहिल्या २७ वाहिन्याच भारतीय पट्ट्यात बसतात. अठ्ठाविसावी वाहिनी २७.२८५ मेगाहर्ट्झला आहे, आपली हद्द २७.२८३ ला संपते. अंतर केसाएवढे, पण कायद्याच्या दृष्टीने ती हद्दच. उलट युरोपात ४४६ मेगाहर्ट्झसाठी बनलेले संच येथल्या पट्ट्याशी जुळतात, फक्त प्रकारमान्यतेचा प्रश्न उरतो.

गोव्यातील वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन पर्यटक महिलेला उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे यंत्र जवळ असल्यामुळे अडवण्यात आले. डोंगरात वाट चुकल्यास मदत मागण्यासाठी गिर्यारोहक जगभर ते वापरतात. यंत्र वेगळे, कलम वेगळे, पण चूक तीच: आपल्या देशात जे खुले आहे ते येथेही असेल, हे गृहीत धरणे.

अमेरिकेने काढलेली वाट

अमेरिकेतही बिनतारीवर सत्ता केंद्राचीच आहे, आणि गावोगावच्या परिषदांनी शेजाऱ्याच्या अँटेनामुळे दूरचित्रवाणीत येणाऱ्या खरखरीविरुद्ध ठराव केले तेव्हा न्यायालयांनी ते केंद्राच्या अधिकारावर अतिक्रमण म्हणून अडवले. खरखर खरी होती: २७ ची दुप्पट ५४, आणि तेथील दूरचित्रवाणीची दुसरी वाहिनी ५४ मेगाहर्ट्झलाच सुरू होत असे. तक्रार करावी तर वॉशिंग्टनला, आणि तेथून माणूस कधी येणार? अखेर नोव्हेंबर २००० मध्ये काँग्रेसने कायदा करून राज्यांना आणि स्थानिक संस्थांना मर्यादित मुभा दिली. नवे नियम करण्याची नव्हे, केंद्राचेच सिटिझन्स बँडचे नियम स्थानिक ठरावाने अमलात आणण्याची. परवानाधारक हौशी बिनतारी चालकांना त्यातून वगळले, आणि मालमोटारीतल्या संचावर कारवाई करण्यापूर्वी नियमभंग मानण्यास सबळ कारण हवे, अशी अट घातली. स्थानिक निर्णयावर केंद्रीय आयोगाकडे अपिलाची सोयही ठेवली.

ही वाट विचार करण्याजोगी आहे. देवासच्या रस्त्यावर दोन राज्यांना दोन वेगळे लहरींचे नियम करू देणे वेडेपणाचे ठरले असते; पण नियम एक ठेवून तो समजावणारा आणि राबवणारा माणूस जवळ असणे हे वेगळे. आपल्याकडे नियम दिल्लीत, अर्ज संकेतस्थळावर, आणि गावात प्रश्न पडलेल्या माणसासमोर उभा राहतो तो बहुधा पोलीस ठाण्याचा अंमलदार, ज्याला ४४६ आणि ४६२ यांतला फरक सांगणारे यंत्र दिलेलेच नसते.

केंद्राने अलीकडे दुसऱ्या टोकाला, म्हणजे विक्रीच्या जागी, लगाम घातला आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या १३ मंचांना वॉकी-टॉकीच्या विक्रीबद्दल नोटिसा पाठवल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. विक्रीच्या पानावर संच कोणत्या वारंवारतेवर चालतो हे सांगणे, त्याला परवाना लागतो की नाही हे लपवू नये आणि प्रकारमान्यतेची खात्री असावी, हा त्यांचा आशय. खरेदीदाराने पाहायच्या गोष्टीही याच: वारंवारता, शक्ती, मान्यतेचा क्रमांक. परवानामुक्त असे नुसते शब्द छापलेले असणे पुरेसे नाही. पावती सांभाळून ठेवावी, कारण संच तपासला गेला तर तो कोणत्या पट्ट्याचा म्हणून विकला गेला होता याचा तोच पुरावा.

ज्यांना खरोखर दूरवर, मनमोकळे आणि कायदेशीर बोलायचे आहे, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग जुनाच आहे. १९७८ च्या हौशी बिनतारी सेवा नियमांनुसार परीक्षा देऊन परवाना मिळतो, आणि वयाची किमान अट १२ वर्षांची आहे. १९९९ चे ओडिशातील चक्रीवादळ आणि २००१ चा भूजचा भूकंप या दोन्ही वेळी इतर यंत्रणा कोलमडल्या असताना असे हौशी चालक संदेश पोहोचवत होते. त्यांना छतावर स्वतःचा लांब अँटेना लावता येतो, जो सिटिझन्स बँडच्या भारतीय सवलतीत मिळत नाही. धारचा वा देवासचा विद्यार्थी असो की पेडणे-काणकोणचा, अर्ज एकाच दिल्लीला जातो. परवान्याबरोबर मिळणारे हाकेचे चिन्ह भारतीय असल्याची खूण म्हणून व्ही आणि यू या दोन अक्षरांनी सुरू होते.